काळी माती नकाशावर होती: इंदूरच्या एका कॉलनीतल्या विहिरीचं प्रकरण

इंदूरच्या टोकाला, राऊच्या बाजूला शेतं संपून प्लॉट सुरू होतात, तिथे माझ्या आत्याची कॉलनी आहे. चौसष्ट प्लॉट, त्यांतले चाळीसएक बांधलेले, बाकी रिकामे. मधोमध बगीच्यासाठी राखलेला तुकडा आणि त्यात जुनी दगडी बांधीव विहीर, जमीन शेतीची होती तेव्हाची. नर्मदेची लाईन अजून इथवर आलेली नाही. नर्मदाकाठच्या जलूदहून, सत्तरेक किलोमीटरवरून पाणी चढवून शहरात नर्मदा आली ती १९७८ साली. पण शहर तिच्या पुढे पुढे सरकत राहिलं. त्यामुळे या कॉलनीत पाणी म्हणजे तीन बोरिंग, ही विहीर आणि एप्रिलनंतर टँकर.

सांडपाण्याची व्यवस्था घरोघरच्या सेप्टिक टँकची. पावसाळ्यात भूजलाची पातळी वर येते, शोषखड्ड्यांत पाणी मुरायला जागाच उरत नाही आणि गल्लीत घाण वाहते. सोसायटीनं ठरवलं की सगळ्यांचं जादा पाणी एका मोठ्या सामायिक शोषखड्ड्यात सोडायचं. जागा दोन होत्या: वरच्या अंगाला फाटकाजवळचा कोपरा, किंवा खालच्या अंगाला नाल्याजवळचा. आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, सोसायटीचे खजिनदार आहेत. त्यांचा मला फोन आला: "अगं, तू गावोगावच्या पाण्याचे नकाशे करतेस, एक आमच्या विहिरीचा कर. खड्डा कुठे केला तर विहिरीला कमी धोका, एवढंच सांग."

प्रश्न अगदी नेमका होता. तरी उत्तर द्यायला मला सात महिने लागले आणि मध्ये एक चूक झाली. ती चूक हीच या प्रकरणातली शिकण्यासारखी गोष्ट आहे, म्हणून सगळं लिहून ठेवते.

नकाशा काय सांगतो, काय नाही

एखाद्या जागी जमिनीवर घाण पडली तर ती खालच्या पाण्यापर्यंत किती सहज पोचेल, याला भूजलाची प्रदूषणप्रवणता म्हणू या. ही कल्पना १९६८ साली ज्यां मार्गा या फ्रेंच भूजलतज्ज्ञानं मांडली. पाणी आज घाण आहे की नाही, हे ती सांगत नाही. वस्तीच नसलेली जागा अतिप्रवण असू शकते आणि तिथलं पाणी स्वच्छ असू शकतं. उलट प्रवणता कमी असूनही घाणीचा मारा इतका असतो की पाणी बिघडतंच. कॉलनीतल्या लोकांना हा फरक समजावून सांगायला मी कमी वेळ दिला, हे आता जाणवतं.

मोजायची सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे ड्रॅस्टिक. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेसाठी ती १९८५ ते १९८७ च्या दरम्यान तयार झाली. तिचं नाव सात घटकांच्या इंग्रजी आद्याक्षरांचं आहे: पाण्याची खोली, मुरणारं पाणी, जलधर खडक (म्हणजे भूजल ज्यात साठतं तो), माती, उतार, माती आणि भूजल यांच्यामधला कोरडा थर, आणि खडकाची पाणी वाहून नेण्याची क्षमता. प्रत्येक घटकाला जागेनुसार १ ते १० गुण. प्रत्येक घटकाचं वजन ठरलेलं: खोली ५, मुरणं ४, जलधर ३, माती २, उतार १, मधला थर ५, वहनक्षमता ३. गुणांना वजनानं गुणायचं आणि बेरीज करायची. बेरीज जितकी जास्त, तितकी प्रवणता जास्त. जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावर नकाशे एकावर एक रचण्याच्या प्रणालीत, हे सोपं पडतं, कारण सातही नकाशे एकाच मापाच्या चौकटींत बसवले की चौकटीगणिक बेरीज संगणक करतो. क्यूजीआयएस हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, उताराचा नकाशा इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरच्या कार्टोसॅट उपग्रहाच्या उंचीच्या माहितीतून निघतो. अवघड असतं ते सातही नकाशे खरे असणं.

पाण्याची खोली मला सोन्यासारखी मिळाली. भाऊ गेली काही वर्षं दर महिन्याला दोर सोडून विहिरीची पातळी मोजतात आणि कालनिर्णयच्या त्या त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवतात. जुनी कालनिर्णयं त्यांनी एकही टाकलेली नाहीत. मे महिन्यात पाणी काठापासून ११ मीटरवर, पावसाळा सरता सरता ४ मीटरवर. ड्रॅस्टिकच्या तक्त्यात दीड ते साडेचार मीटरवरच्या पाण्याला ९ गुण आणि ११ मीटरला ५. वजन पाचाचं, म्हणजे एकाच विहिरीचे मेमध्ये २५ आणि ऑक्टोबरमध्ये ४५. वीस गुणांचा फरक फक्त ऋतूचा. तेव्हा "प्रवणतेचा नकाशा" कुणी दाखवला तर आधी महिना विचारावा. मी ऑक्टोबरचा धरला, कारण सेप्टिक टँक त्याच दिवसांत वाहतात.

आजूबाजूच्या शेतांत आणखी चार विहिरी होत्या, त्याही मोजल्या. बोरिंगची पातळी मात्र मी या नकाशात घेतली नाही. माळव्याचा बेसाल्ट लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला आहे. प्रत्येक थराचा माथा सच्छिद्र, आपल्याकडे ज्याला मांजऱ्या म्हणतात तसा, आणि पोट घट्ट काळा कातळ. दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा. विहीर वरच्या मुरमातलं आणि मांजऱ्यातलं पाणी दाखवते. खोल बोरिंग खालच्या कुठल्या तरी भेगेतलं पाणी दाखवतं, ते दाबाखाली असू शकतं आणि त्याची पातळी वेगळीच असते. दोन्ही आकडे एका नकाशात कालवले तर प्रत्येक बोरिंगभोवती भोवऱ्यासारखी वर्तुळं उमटतात. अशी वर्तुळं मी छापलेल्या अहवालांतही पाहिली आहेत, आणि दर वेळी वाईट वाटतं.

मुरणाऱ्या पाण्याचं गणित असं. इंदूरचा पाऊस सरासरी साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास. भूजल अंदाज समितीच्या १९९७ च्या पद्धतीत सच्छिद्र, भेगाळ बेसाल्टमध्ये पावसाच्या १३ टक्के पाणी मुरतं असं धरतात आणि झिजलेल्या बेसाल्टमध्ये ७ टक्के. पहिला आकडा घेतला तर १२३ मिलिमीटर, गुण ६, वजनासह २४. दुसरा घेतला तर ६६ मिलिमीटर, गुण ३, वजनासह १२. खडक बघून मी पहिला घेतला. जलधर बेसाल्टला ९ गुण, वहनक्षमता कमी म्हणून १, उतार दोन टक्क्यांच्या आत म्हणून १०. मुरूम आणि भेगाळ कातळ मिळून मधल्या थराला मी ६ धरले. तक्ता बेसाल्टला २ पासून १० पर्यंत मुभा देतो, तेव्हा हा माझा निर्णय आहे आणि त्यावर वाद घालता येईल.

राहिली माती. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेच्या नकाशावर हा सगळा पट्टा एकाच रंगात आहे: खोल काळी माती, सुकली की आक्रसणारी, भिजली की फुगणारी. ड्रॅस्टिकच्या तक्त्यात आक्रसणाऱ्या चिकणमातीला ७ गुण आहेत आणि न आक्रसणाऱ्या चिकणमातीला १. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हे विचित्र वाटतं, कारण काळी माती पाणी धरून ठेवते असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण एप्रिलमध्ये माळव्याचं रान बघावं. कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडलेल्या असतात. जूनचा पहिला पाऊस मातीतून झिरपत नाही, भेगांतून थेट खाली उतरतो. मग आठ-पंधरा दिवसांत माती फुगते, भेगा मिटतात आणि ऑगस्टमध्ये तीच जमीन पाणी वर तुंबवते. जूनमध्ये उघडं आणि ऑगस्टमध्ये बंद असं हे दार आहे. वर्षाच्या एका सरासरी आकड्यात ते मावत नाही.

गणपतीतली सभा

सप्टेंबरमध्ये कॉलनीच्या गणपतीच्या मंडपात आरतीनंतर सभा झाली आणि मी नकाशा दाखवला. विहीर आणि नाल्याचा कोपरा यांची बेरीज प्रत्येकी १५३ आली होती, फाटकाच्या कोपऱ्याची १४३. कारण एवढंच की फाटकाशी पाणी सहा मीटरवर आहे, तिथे खोलीचे गुण ९ ऐवजी ७. मी नेहमीच्या सवयीनं खालचा भाग लाल आणि वरचा पिवळा रंगवला होता.

सभा पाच मिनिटांत निकालात निघाली. "लाल सोडून पिवळ्यात खड्डा करू." भाऊंनी वहीत लिहूनसुद्धा टाकलं.

तो नकाशा मी तेव्हा दाखवायला नको होता. दहा गुणांच्या फरकाला मी दोन रंग दिले होते. कुठपर्यंत पिवळा आणि कुठून लाल, या वर्गांच्या सीमा नकाशा करणारे बहुधा आपापल्या आखतात. समान अंतरानं आखल्या तर एक चित्र दिसतं, समान क्षेत्रानं आखल्या तर दुसरं. शिवाय सात घटकांच्या सात थरांच्या या नकाशात कॉलनीपुरते चार थर सगळीकडे सारखेच होते: पाऊस, खडक, उतार, वहनक्षमता. यांची ६४ गुणांची बेरीज प्रत्येक चौकटीत तीच. मातीही एकाच रंगाची, मधला थरही मी एकसारखाच धरलेला. म्हणजे सात थरांचं नाव घेऊन मी लोकांना फक्त पाण्याच्या खोलीचा नकाशा दाखवला होता. जिल्ह्याच्या नकाशात हे खपून जातं, कारण तिथे खडक आणि माती बदलत जातात. दोनशे मीटर लांबीच्या कॉलनीत तीस मीटरच्या जेमतेम पस्तीस चौकटी बसतात.

आणि मातीचा नकाशा ज्या मापाचा होता, १:२,५०,०००, त्यात एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीचशे मीटर. आत्याची सगळी कॉलनी त्या नकाशावर पेन्सिलीच्या टोकाखाली झाकली जाते. हे मला माहीत होतं. माहीत असून मी ते सभेत बोलले नाही.

गिरमिट

दिवाळीनंतर हातानं फिरवायचं मातीचं गिरमिट घेऊन गेले. खोदायची जागा ठरायच्या आधी माती बघू, एवढाच विचार. फाटकाच्या कोपऱ्यात गिरमिट वीतभर गेलं आणि खरडायला लागलं. काळी माती नव्हतीच. वर आणून पसरलेला मुरूम, त्याखाली लगेच झिजलेला मूळ खडक.

शेजारच्या प्लॉटमध्ये तेच. पुढच्या गल्लीत तेच. एकूण नऊ ठिकाणी टोचून पाहिलं. काळी माती सापडली ती चारच ठिकाणी, बगीच्यात आणि तीन रिकाम्या प्लॉटवर. तिथे ती मीटरभराहून खोल होती.

कारण प्रत्येक गवंड्याला ठाऊक आहे. काळी माती फुगते-आक्रसते, पाया हलतो, भिंतींना तडे जातात. म्हणून घर बांधायच्या आधी जेसीबी लावून ती काढतात आणि मुरूम भरतात. घराच्या दृष्टीनं हे बरोबरच आहे. रस्त्यांखालीही तेच केलेलं. ही कॉलनी पाडणाऱ्यानं तर वरच्या अंगाचा सगळा पट्टा आधीच काढून विकला होता, असं जुन्या रहिवाशांनी सांगितलं. मातीचा नकाशा खोटा नव्हता, तो शेताचा होता. शेत राहिलं नाही.

गेलेली माती काय काम करत होती तेही सांगायला हवं. सेप्टिक टँकमधून निघणाऱ्या पाण्यात नायट्रोजन मुख्यतः अमोनियमच्या रूपात असतो. काळ्या मातीच्या कणांवर ऋण भार असतो, अमोनियमवर धन, त्यामुळे माती तो धरून ठेवते. जिवाणूही तिच्यात बरेच गाळले जातात. मुरमात हवा खेळती असते, तिथे अमोनियमचं नायट्रेट होतं. नायट्रेटवर ऋण भार, त्याला कुणीच धरत नाही, तो पाण्याबरोबर खाली जातो. एकदा का भेगाळ बेसाल्टमध्ये पोचला की त्याला अडवणारं काही उरत नाही. शोषखड्डा विहिरीपासून १८ मीटर लांब हवा, हा नियम बांधकामाच्या मानकात आहे आणि भाऊंनी तो सभेत सांगितलाही होता. अठरा मीटर वाळू आणि अठरा मीटरची एक भेग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मी घरी येऊन मातीचा थर प्लॉटनिहाय नव्यानं काढला. जिथे माती नाही तिथे तक्त्याप्रमाणे १० गुण. फाटकाचा कोपरा १४३ वरून १४९ झाला. सहाच गुण वाढले, कारण मातीचं वजन फक्त दोन. नकाशावर तो अजूनही नाल्यापेक्षा "कमी धोक्याचा" दिसत होता.

इथे एक मोह होतो. मातीचं वजन वाढवावं म्हणजे नकाशा आपल्याला दिसतंय तसं बोलेल. कीटकनाशकांसाठी ड्रॅस्टिकचं वेगळं रूप आहे, त्यात मातीचं वजन पाच आहे. ते वापरलं तर हाच फरक पंधरा गुणांचा होतो. पण ते रूप शेतीतल्या रसायनांसाठी आहे, आणि दोन्हींच्या बेरजा एकमेकींशी ताडून पाहता येत नाहीत. मूळ वजनं तज्ज्ञांच्या एका गटाला पुन्हा पुन्हा विचारून, त्यांचं एकमत घडवून ठरवली होती. मी एकटीनं, एका कॉलनीसाठी, हवं ते उत्तर मिळेपर्यंत ती फिरवणं मला अप्रामाणिक वाटलं. बेरीज आहे तशी ठेवली आणि तिच्यावर वेगळा थर काढला: माती काढलेली जागा, प्रत्येक शोषखड्डा, प्रत्येक बोरिंग. माणसानं जमिनीला जिथे जिथे भोक पाडलं तो नकाशा. प्रवणतेच्या कुठल्याही शहरी नकाशासोबत हा थर असलाच पाहिजे असं माझं आता ठाम मत आहे.

पाणी कुठे चाललंय

याहून मोठी गोष्ट भाऊंच्या एका साध्या प्रश्नानं उलगडली. "खड्ड्यातलं पाणी खाली गेल्यावर थांबतं का गं?"

थांबत नाही. ड्रॅस्टिक फक्त उभा प्रवास बघतं, जमिनीपासून पाण्यापर्यंत. त्यानंतरचा आडवा प्रवास त्यात नाही. आम्ही गवंड्याची पारदर्शक पाणनळी घेतली आणि विहीर धरून तीन विहिरींच्या काठांची उंची एकमेकींशी जुळवली. त्यातून दोरानं मोजलेली खोली वजा केली की भूजलाच्या पृष्ठाची उंची मिळते आणि तीन बिंदूंवरून उताराची दिशा. भेगाळ खडकात ही दिशा ढोबळच असते, पण इथे ती जमिनीच्या उतारासारखीच निघाली: फाटकाकडून नाल्याकडे. विहीर बरोबर वाटेत. "पिवळ्या" कोपऱ्यात खड्डा केला असता तर त्यातलं पाणी विहिरीच्याच दिशेनं आलं असतं.

भाऊ बराच वेळ वहीतल्या त्या ओळीकडे बघत बसले. मग त्यांनी ती खोडली.

पाण्याचे नमुनेही तपासून घेतले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला कुठलीही सूट नाही, कारण तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद नायट्रेटमुळे घटते. "लाल" भागातल्या विहिरीचं पाणी नायट्रेटच्या बाबतीत मर्यादेच्या आत निघालं, पण त्यात मलजन्य जिवाणू होते. "पिवळ्या" भागातल्या एका बोरिंगचं नायट्रेट मर्यादेच्या वर, क्लोराईडही इतरांपेक्षा जास्त. ही जोडी दिसली की सांडपाण्याचाच संशय घ्यायचा. नकाशा आणि तपासणी एकमेकींशी जुळत नाहीत असं वरवर दिसेल. पण बोरिंगशेजारी वाकून पाहिलं तेव्हा केसिंग पाईप (बोरिंगच्या भोकात वरच्या भागात बसवतात ती नळी) आणि जमीन यांच्यामध्ये बोट जाईल अशी फट होती, आणि तीन-चार मीटरवर एका घराचा शोषखड्डा. केसिंग पक्क्या कातळापर्यंत नेलेलंच नव्हतं. पाईपचे पैसे वाचवले होते. वरचा सगळा मुरूम त्या भोकात रिकामा होत होता. अशा बोरिंगला प्रवणतेचा कुठलाही नकाशा पकडू शकत नाही.

त्या घरात आठ महिन्यांची मुलगी होती. तिच्या आईला मी त्याच संध्याकाळी सांगून आले की बाळाचं दूध या पाण्यात कालवू नका, आणि उकळूनही नाही, कारण उकळल्यानं पाणी आटतं आणि नायट्रेट उलट दाट होतं. सगळ्या प्रकरणातलं सर्वांत निकडीचं काम तेच होतं, आणि ते करायला संगणक लागला नाही.

शेवटी सामायिक शोषखड्डा झाला नाही, वरही नाही आणि खालीही नाही. नाल्याशी ऑक्टोबरात पाणी तीन मीटरवर येतं, तिथे खड्डा म्हणजे सरळ पाण्यातच सोडणं. बंदिस्त टाकी बांधली, ती टँकरनं उपसतात. खर्च जास्त आहे आणि दर महिन्याला त्यावरून कुरबूर होते. ती मला रास्त वाटते, मलवाहिनी आणण्याचं काम खरं तर या चाळीस घरांचं नाही. बोरिंगच्या फटीत सिमेंटचा गारा भरून वर ओटा केला आणि तो शेजारचा शोषखड्डा बंद करून घेतला. छतांचं पाणी विहिरीत सोडायचा विचार आधीपासून होता. ते आता गाळणीतून जातं, पहिल्या पावसाचं पाणी वेगळं सोडून, आणि रस्त्याचं पाणी अजिबात नाही. विहिरीभोवती काळी माती दाबून भरू, असं एका काकांनी सुचवलं होतं. एप्रिलमध्ये ती फाटेल आणि जूनमध्ये तीच वाट होईल, म्हणून नको म्हटलं. पुढच्या जानेवारीत बोरिंगचं नायट्रेट मर्यादेखाली आलं. एका पावसाळ्यावरून मी त्याला सुधारणा म्हणणार नाही. दोनदा आणखी तपासायचं ठरलं आहे.

रिकामे प्लॉट भरत चालले आहेत. परवा भाऊंचा फोन आला: "सतराव्या प्लॉटवर जेसीबी लागलाय. काळी निघतेय, ट्रॉलीत भरतायत." मी त्यांना कालनिर्णयमध्ये तारखेसमोर प्लॉटचा नंबर लिहायला सांगितलं. रात्री लॅपटॉप उघडला आणि मातीच्या थरात त्या चौकोनाचे ७ चे १० केले.